वारा आडवा असताना

जूनचा पहिला आठवडा उलटला की पश्चिम महाराष्ट्रातल्या आमच्या धावपट्टीवर वारा नैऋत्येकडून वाहू लागतो आणि सप्टेंबरपर्यंत तिथून फारसा हलत नाही. पाऊस आमच्याकडे बेताचाच, पर्जन्यछायेतला भाग हा. घाट ओलांडून आलेला वारा मात्र भरपूर. सकाळी सातला आठ-दहा नॉट, अकरानंतर अठरा-वीस, आणि मधूनच दणका देणारा झोत. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. आमच्या धावपट्टीचं ज्या टोकावर आम्ही पावसाळ्यात उतरतो ते २९० अंशांकडे, जवळजवळ पश्चिमेकडे तोंड करून आहे. वारा येतो २४०वरून. म्हणजे विमान उतरत असताना तो डाव्या खांद्यावर येतो.

या वाऱ्यात सेसना १७२ हे चार आसनांचं, एका इंजिनाचं विमान उतरवायला मी अनेक वर्षं मुलामुलींना शिकवत आले आहे. आडव्या वाऱ्यातलं उतरणं बिघडलेलं सगळ्यांना दिसतं ते जमिनीपासून दहा फुटांवर. पण ते बिघडलेलं असतं त्याच्या कितीतरी आधी, बहुतेक वेळा वारा नीट न मोजल्यामुळे किंवा आपली मर्यादा न ठरवल्यामुळे. शेवटच्या दहा फुटांत हात आणि पाय फक्त आधीच्या निर्णयांची अंमलबजावणी करतात. खालचं सगळं मी याच एका समजुतीवर शिकवते.

१. वारा ऐकून सोडू नका, त्याचे दोन भाग करा

टॉवरने सांगितलं, वारा २४० अंशांवरून १४ नॉट, झोत २४. नवखा वैमानिक हे ऐकतो, "रॉजर" म्हणतो आणि पुढे जातो. त्याने तिथल्या तिथे हिशेब करायला हवा. धावपट्टी २९०, वारा २४०, फरक ५० अंश. आडवा भाग काढायला आम्ही घड्याळाचा आधार घेतो. फरक १५ अंश असेल तर पाव तास, म्हणजे वाऱ्याचा पाव भाग आडवा. ३० अंशांना अर्धा, ४५ला पाऊण, आणि ६० किंवा त्याहून जास्त असेल तर सगळाच आडवा धरायचा. ५० अंशांना पाऊण किंवा जरासं जास्त. सरासरी वाऱ्यात आडवा भाग ११ नॉट, झोतात १८.

यातला कुठला आकडा धरायचा? १८. झोत नेमका कधी येणार हे आपल्या हातात नाही, तेव्हा तो चाकं टेकतानाच येईल असं धरून चालायचं.

हवामानाच्या अहवालात झोताचा उल्लेख नाही म्हणून वारा शांत आहे असंही समजू नका. झोत सरासरीपेक्षा १० नॉट किंवा त्याहून जास्त असेल तरच तो साधारणपणे अहवालात लिहितात. सरासरी १५ आणि मधूनच २३, हे तुम्हाला कागदावर नुसतं १५ दिसेल. शिवाय अहवालातली दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजलेली असते आणि टॉवर देतो ती चुंबकीय उत्तरेपासून. महाराष्ट्रात या दोघींत एखाद्या अंशाचा फरक, म्हणून आपल्याकडे कुणाला तो जाणवत नाही. पण आपली कितीतरी मुलं प्रशिक्षणासाठी न्यूझीलंडला जातात. तिथे हा फरक वीस अंशांच्या आसपास आहे. इथली सवय तिथे नेली तर आडव्या वाऱ्याचा हिशेब पार चुकेल.

टॉवर नसेल तिथे विंडसॉक, वाऱ्याने भरणारी कापडी नळी. प्रमाणित विंडसॉक साधारण १५ नॉटला पूर्ण आडवा होतो. त्यापुढे १६ आहे की ३० हे तो सांगत नाही. मी मुलांना सांगते, तो किती ताठ आहे यापेक्षा किती वळवळतोय ते बघा. ताठ आणि स्थिर विंडसॉक मला चालतो. अर्धवट भरलेला, दर काही सेकंदांनी पडणारा आणि चाळीस अंश फिरणारा मला नको असतो.

२. पुस्तकातले १५ नॉट

सेसना १७२च्या पुस्तकात आडव्या वाऱ्यासमोर १५ नॉट लिहिलेलं आहे, लहान भाऊ १५२च्या पुस्तकात १२. हे आकडे कशाचे आहेत ते नीट समजून घ्यायला हवं. निर्मात्याच्या चाचणी-वैमानिकाने एवढ्या आडव्या वाऱ्यात विमान उतरवून दाखवलं, एवढाच त्यांचा अर्थ. अमेरिकी प्रमाणपत्राच्या जुन्या नियमानुसार किमान कसोटी होती ती उतरण्याच्या अवस्थेतल्या स्टॉलच्या, म्हणजे पंखाला हवा धरवेनाशी होण्याच्या, वेगाच्या एक पंचमांश वाऱ्याची, १७२साठी जेमतेम दहा नॉट. म्हणजे १५ हा ना कायद्याचा अडसर, ना तुम्हाला दिलेलं वचन. नव्या विमानात, ताज्यातवान्या, रोज हेच काम करणाऱ्या माणसाने ते करून दाखवलं होतं.

तुमचा आकडा वेगळा असणार. तो तुम्ही विमानात बसण्याआधी लिहून ठेवायचा. माझ्याकडे एकट्याने उडणाऱ्या विद्यार्थ्याच्या कार्डवर, झोत धरून, आडवा वारा आठ नॉट असं लिहिलेलं असतं आणि त्याखाली माझी सही. पुढे हात बसला की आकडा वाढतो. महिनाभर उड्डाण नसेल तर तो खाली येतो, मग तो विद्यार्थी असो की मी. आकडा जमिनीवर ठरवायचा, कारण हवेत असताना प्रत्येकाला खाली यायचंच असतं, आणि खाली यायची इच्छा असलेला माणूस वाऱ्याचा आकडा स्वतःच्या सोयीने ऐकतो.

जुन्या वैमानिकांना आडव्या वाऱ्याचा त्रास थोडा कमी होता. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ला कराचीहून पस मॉथ विमानातून टपाल आणलं, ते जुहूला. जुहू तेव्हा उघडं मैदान होतं. पावसाळ्यात तिथे इतका चिखल व्हायचा की टपालाची विमानं पुण्याला हलवावी लागत. पण मैदानाचा एक मोठा फायदा असतो, वारा येईल तिकडे तोंड करून उतरता येतं. डांबराची अरुंद पट्टी आली आणि दिशा कायमची ठरून गेली. आज जुहूला ०८-२६ आणि १६-३४ अशा एकमेकींना छेदणाऱ्या दोन पट्ट्या आहेत, सांताक्रूझला ०९-२७ आणि १४-३२. पुण्याला एकच, १०-२८. आमच्यासारख्या छोट्या विमानतळांवरही एकच, पश्चिमेच्या वाऱ्यावर बेतलेली. वारा नैऋत्येला सरकला की उतरणाऱ्याला तो आडवाच घ्यावा लागतो.

३. बेसवरून फायनलला वळताना

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या वळणाची, आणि धावपट्टी इथून अजून किलोमीटरभर लांब असते.

आमच्याकडे डावं सर्किट असतं. विमान धावपट्टीला समांतर, उलट दिशेने जातं. याला डाउनविंड म्हणतात. मग डावीकडे वळून बेस, आणि पुन्हा डावीकडे वळून फायनल, म्हणजे धावपट्टीसमोर. वारा २४०वरून असला की डाउनविंडवर तो विमानाला गुपचूप धावपट्टीकडे ढकलत असतो, त्यामुळे बेस आखूड होतो. बेसवर तोच वारा पाठीमागून लागतो. विमानाचा हवेतला वेग ७० नॉट, पण जमिनीवरून बघाल तर ८५. आखूड बेस, त्यावर वाढलेला वेग. बघता बघता धावपट्टीची मध्यरेषा डाव्या हाताला निघून जाते.

धोका इथे जन्मतो. विद्यार्थ्याला कळतं की रेषा हुकली. त्याला ती परत गाठायची असते. तो पंख आणखी कलवतो. कलंडणं जास्त झालं असं वाटून हात थबकतो, तरी नाक वळायला हवं म्हणून डावा पाय दाबतो, आणि नाक खाली जातंय म्हणून योक, म्हणजे हातातलं सुकाणू, ओढतो. चारशे फुटांवर हे सगळं एकत्र झालं तर विमान स्टॉल होऊन एका अंगाला गरकन फिरू शकतं, आणि तेवढ्या उंचीत ते सावरता येत नाही. सपाट उडताना पंखांमागचे फ्लॅप न काढलेली १७२ साधारण ४८ नॉटला स्टॉल होते. उंची राखून ४५ अंश कलवली तर ५७ला, ६० अंशांना ६८ला. आपण बेसवर ७०नेच उडत असतो, हे शेजारी ठेवून बघा.

उपाय वळणाच्या आधी करायचा असतो. डाउनविंडवर नाक थोडं उजवीकडे, वाऱ्याकडे धरून सर्किटची रुंदी राखायची. बेसवर वारा मागून आहे हे मनाशी म्हणायचं, मी तर मोठ्याने म्हणायला लावते. फायनलचं वळण नेहमीपेक्षा लवकर सुरू करायचं. कल ३० अंशांच्या पुढे नाही. रेषा तरीही हुकली तर हुकू द्यायची, वळण तसंच सौम्य ठेवायचं, आणि तिथूनच वर जाऊन पुन्हा सर्किट करायचं. हुकलेली रेषा ओढून आणायची नाही. माझ्या शिकवण्यात वाटाघाटीला जागा नसलेल्या ज्या थोड्या गोष्टी आहेत त्यातली ही पहिली.

४. झोताच्या निम्मा वेग वाढवा, जास्त नको

सरासरी १४, झोत २४, फरक १०. त्याच्या निम्मे म्हणजे ५ नॉट नेहमीच्या वेगात मिळवायचे. ६५ऐवजी ७०. कारण पंखाची उचल वेगाच्या वर्गाने बदलते. ६० नॉटवर असताना समोरचा झोत अचानक विरला आणि वेग ५०वर आला तर उचल सुमारे ३० टक्क्यांनी घटते. विमान पायाखालची फळी काढल्यासारखं खाली येतं. वाढीव पाच नॉट या घसरणीसाठी राखून ठेवलेले असतात.

काहीजण भीतीपोटी पंधरा वाढवतात. मग विमान धावपट्टीवर तरंगत राहतं, खाली बसायला तयार होत नाही, आणि तरंगण्याच्या त्या प्रत्येक सेकंदाला वारा त्याला बाजूला नेतो. ६५च्या जागी ७० केले तरी थांबायला साधारण १६ टक्के जास्त अंतर लागतं. फ्लॅपही पूर्ण नकोत. धावपट्टी पुरेशी लांब असेल तर मी २० अंशांवर थांबते. सेसनाचं पुस्तकही आडव्या वाऱ्यात लागतील तेवढेच, कमीत कमी फ्लॅप घ्यायला सांगतं.

आणि वेगाच्या काट्यामागे धावू नका. झोतात तो पाच-सात नॉट नाचणारच. नाकाची ठेवण आणि इंजिनाची ताकद एकदा जुळवली की सरासरी बघा.

५. खेकडा, आणि मग पंख खाली

पूर आलेली नदी ओलांडताना नावाडी नाव सरळ पलीकडच्या घाटावर रोखत नाही, प्रवाहाकडे तिरकी धरतो आणि तरीही घाटावरच पोचतो. फायनलवर आम्ही तेच करतो, त्याला क्रॅब म्हणतो, खेकड्याची चाल. आडवा भाग १४ नॉट आणि विमान ६५ने येत असेल तर नाक सुमारे १२ अंश वाऱ्याकडे ठेवावं लागतं. धावपट्टी समोरच्या काचेत मधोमध न दिसता उजवीकडे दिसते. नवख्याला हे खटकतं. विमान मात्र अगदी समाधानात असतं, पंख सपाट, बाजूला सरकणं दाखवणारा चेंडू मध्यात.

पण असं तिरकं टेकवता येत नाही. चाकं धावपट्टीच्या दिशेत नसतील तर पायांवर आणि टायरांवर आडवा ताण येतो. १९०९ साली इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या ब्लेरिओच्या विमानाची चाकं यासाठीच आपोआप वळणारी होती. प्रचंड बी-५२ बॉम्बफेकी विमानातही चाकं वळवून ठेवता येतात, आणि ते नाक बाजूला ठेवूनच खाली येतं. आपल्या सेसनाला ही सोय नाही. आपल्याला नाक सरळ करावं लागतं.

दोन रीती आहेत. एकीत तिरपेपण शेवटपर्यंत ठेवून टेकायच्या क्षणी पायाने रडर, म्हणजे शेपटीचं उभं पातं, फिरवून नाक सरळ करतात. दुसरीत त्याआधीच पंख वाऱ्याकडे झुकवून उलट रडर देतात. मोठ्या विमानांचे वैमानिक पहिली वापरतात. शिकणाऱ्याला मी आधी दुसरी देते, आणि कारण सरळ आहे. पहिलीत सगळं एका सेकंदात साधावं लागतं, आणि झोताचा वारा तो सेकंद तुमच्यासाठी मोकळा ठेवत नाही. दुसरीत तुम्हाला दोनशे-तीनशे फुटांपासून सराव करायला, चुकायला, सुधारायला वेळ मिळतो.

कामाची वाटणी अशी. पाय नाक सांभाळतात, हात सरकणं सांभाळतो. वारा डावीकडून, तर उजवा पाय दाबून नाक धावपट्टीच्या रेषेत आणा. त्याबरोबर योक डावीकडे, डावा पंख खाली. विमान डावीकडे सरकतंय? पंख थोडा वर. उजवीकडे वाहतंय? पंख आणखी खाली. पायाला याच्याशी देणंघेणं नाही, त्याने नाकच बघायचं. ही वाटणी ज्याच्या अंगात उतरली त्याला आडवा वारा जमला. बहुतेकांचं बिनसतं ते रेषेवर परत यायला पाय वापरल्यामुळे.

याच रीतीचा आणखी एक मोठा लाभ आहे. तीनशे फुटांवर पंख खाली घेतला, उजवा पाय पूर्ण तळापर्यंत दाबला, तरी नाक सरळ होत नाही. याचा अर्थ रडरची ताकद संपली, वारा विमानाच्या कुवतीबाहेर आहे. थेट वर जा. जमिनीजवळ वारा थोडा कमी होतो म्हणून काहीजण आशेवर पुढे जातात. मी जात नाही.

६. शेवटचे पन्नास फूट

जमिनीच्या घर्षणाने वारा खाली मंदावतो आणि आपल्या गोलार्धात त्याची दिशाही थोडी डावीकडे फिरते. वर २६० असेल तर खाली २४०. म्हणजे समोरून मिळणारा वारा घटतो आणि कोनाने तो जास्त आडवा होतो, दोन्ही एकाच वेळी. शिवाय वाऱ्याच्या बाजूला हँगर असेल, निलगिरीची रांग असेल, तर त्यांच्या मागे हवा घुसळलेली असते. आपल्या विमानतळावर ती जागा कुठे आहे हे प्रत्येकाने चालत जाऊन बघून ठेवावं.

थ्रॉटल एकदम बंद करू नका. थोडी ताकद चाक टेकेपर्यंत राहू द्या. नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकावर. टाचा विमानाच्या जमिनीवर, म्हणजे ब्रेक नकळत दाबले जाणार नाहीत. दाबलेल्या ब्रेकने टेकलं तर टायर फुटतो.

७. गो-अराउंड आधी ठरवा

उतरणं सोडून पुन्हा वर जाणं, याला गो-अराउंड म्हणतात. माझ्या विद्यार्थ्यांना मी प्रत्येक फायनलवर तोंडाने म्हणायला लावते की मी वर जाणार आहे, सगळं जुळलं तरच उतरेन. मग न जुळल्यावर वेगळा निर्णय घ्यावा लागत नाही.

न जुळणं म्हणजे काय तेही आधी ठरलेलं असावं. दोनशे फुटांवर मध्यरेषा पायाखाली नाही. वेग दहा नॉट जास्त. टेकताना झोताने विमान पाच-सहा फूट वर उचललं. एकदा टेकून उसळलं. यातलं एक जरी झालं तर पूर्ण थ्रॉटल. उसळलेलं विमान पुढे ढकलून खाली बसवायला गेलात तर पुढचं चाक आधी आपटतं, आणि दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी असते.

पूर्ण थ्रॉटल दिल्यावर या इंजिनाने नाक डावीकडे ओढलं जातं. वाराही डावीकडूनच असेल तर दोन्ही ओढी एकाच बाजूच्या. उजवा पाय आणखी दाबावा लागणार हे आधीच माहीत असू दे. पंख सपाट करा, मग चढा. फ्लॅप एकदम ओढून घेऊ नका.

दख्खनच्या उन्हाळ्यात हा निर्णय लवकर घ्यावा लागतो. आमचं विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फुटांवर आहे. मे महिन्यात तापमान ४० झालं की इंजिन आणि पंख असे वागतात जणू आपण साडेपाच हजार फुटांवर आहोत. चढ सुस्त. पंचवीस फुटांवर सुचलेल्या गो-अराउंडपेक्षा दोनशे फुटांवरचा फार स्वस्त पडतो.

खानदेशातली एक मुलगी माझ्याकडे शिकत होती. एकटीने लांबच्या उड्डाणावर गेली, आणि परतेपर्यंत वारा चढला. मी रेडिओजवळ होते. तिने वारा विचारला. तिला सांगितला गेला. काही सेकंद काहीच आवाज नाही. मग स्वच्छ आवाजात तिने कळवलं की वारा तिच्या मर्यादेबाहेर आहे आणि ती पर्यायी विमानतळावर जात आहे. उतरण्याचा एकही प्रयत्न तिने केला नाही. तिथे वारा धावपट्टीच्या रेषेत होता. संध्याकाळी तिचा फोन आला.

"मॅम, विमान तिकडेच ठेवावं लागलं. रागावलात का?"

"इंधन किती उरलं होतं?"

"दोन तासांचं."

"मग रागावू कशाला? जेवलीस का?"

व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे २०० तास लागतात, आणि प्रत्येक तासाचे पैसे घरून येतात. कुणी शेत गहाण ठेवलेलं असतं, कुणी कर्ज काढलेलं असतं. विमान दुसरीकडे ठेवून एसटीने परतणं या मुलांना किती जड जात असेल, हे मला पुरतं ठाऊक आहे. म्हणूनच तिचा तो निर्णय मला आजवर पाहिलेल्या कुठल्याही सुंदर लँडिंगपेक्षा मोठा वाटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात मी तिच्याच तोंडून तो सगळ्यांना सांगायला लावला.

८. टेकलं म्हणजे संपलं नाही

बरोबर टेकलं तर आधी डावं, म्हणजे वाऱ्याकडचं चाक टेकतं, मग उजवं, मग पुढचं. प्रवासी असेल तर दचकतो. असंच व्हायला हवं.

यानंतर हात सैल सोडण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि मी पाहिलेल्या घसरण्या बहुतेक इथल्या आहेत. विमानाचं शेपूट वाऱ्यावर फिरणाऱ्या पात्यासारखंच काम करतं, ते नाकाला वाऱ्याकडे वळवू पाहतं. वेग कमी होतो तसा रडरचा जोर घटतो, वारा मात्र तेवढाच राहतो. म्हणून टेकताना योक जेवढा डावीकडे होता त्याहून जास्त डावीकडे न्यायचा, वेग उतरेल तसा हळूहळू पूर्ण टोकापर्यंत. त्याने डावा पंख उचलला जात नाही, आणि उजव्या पंखावर खाली आलेला एलेरॉन, म्हणजे पंखामागची हलती पट्टी, हवेचा अडथळा वाढवून नाक सरळ ठेवायला थोडी मदतही करतो.

पुढचं चाक खाली येताना एक बारीक गोष्ट. सेसनात ते पायाच्या पेडलांशी जोडलेलं असतं. उजवा पाय दाबलेला असताना त्यावर भार आला की विमान झपकन उजवीकडे वळतं. ते टेकण्याआधी पाय मध्याकडे आणा, टेकल्यावर लागेल तसा पुन्हा द्या. मग ब्रेक, आणि तेही हलके.

एप्रनकडे परतताना वारा पाठीमागून डावीकडून येत असेल तर योक उजवीकडे आणि पुढे. वारा समोरून डावीकडून असेल तर डावीकडे. पंख वर असलेली विमानं टॅक्सी करतानाही उलटू शकतात. आमचे मेकॅनिक काका इंजिन थांबण्याआधीच दोर हातात घेऊन उभे असतात. तिन्ही दोर बांधून झाल्याशिवाय ते कुणाला बॅग घेऊन निघू देत नाहीत, मलासुद्धा.

९. वळवाच्या दिवसांत

एप्रिल-मेच्या दुपारी पूर्वेला किंवा दक्षिणेला काळा ढग उभा राहिला की आडव्या वाऱ्याचं कौशल्य कामाचं नाही. ढगातून कोसळलेली थंड हवा जमिनीवरून पसरत येते, आणि ढग अजून पंधरा-वीस किलोमीटरवर असतानाच ती धावपट्टीवर पोचू शकते. एका मिनिटात वारा पश्चिमेचा पूर्वेला होतो, दहाचा पस्तीस. धुळीची भिंत दिसली तर फायनलवर असाल तिथून निघा, दूर जाऊन थांबा. अर्ध्या तासात बहुतेक वेळा सगळं शांत होतं. तेवढं इंधन टाकीत असलं पाहिजे, म्हणून या दोन महिन्यांत आम्ही नेहमीपेक्षा जास्त भरतो.

१०. वारा असेल तेव्हाच सराव करा

शांत सकाळी शिकलेलं लँडिंग शांत सकाळीच उपयोगी पडतं. तरीही बहुतेक मुलं सहा वाजताची वेळ मागून घेतात, कारण तेव्हा सगळं छान जमतं आणि तास भरतात. पहिलं एकट्याचं उड्डाण झालं की मी त्यांना दुपारी बोलावते, आणि शेजारच्या आसनावर स्वतः बसते.

सुरुवात लँडिंगने करत नाही. धावपट्टीवरून दहा फुटांवर, थोडी ताकद ठेवून, पंख खाली आणि नाक सरळ असं शेवटपर्यंत उडायचं आणि न टेकता वर जायचं. टेकण्याची घाई नसली की पाय आणि हात आपापलं काम वेगवेगळं ओळखू लागतात. नंतर डावं चाक एकटंच टेकवून तसंच धरायला सांगते. झोत आला की हात आपोआप हलतो का, नजर जवळच्या पट्ट्यांवर तर येत नाही ना, हे मला शेजारून दिसतं. मग पूर्ण लँडिंग, आणि त्यांत मी न सांगता मधेच एखादा गो-अराउंड पुकारते.

खाली उतरल्यावर मी विचारते, तीनशे फुटांवर नाक किती अंश वळवलं होतंस? पन्नास फुटांवर काय बदललं? बेसवर जमिनीवरचा वेग किती होता? ज्याला ही उत्तरं सांगता येतात त्याच्या कार्डवरचा आठ मी खोडते आणि दहा लिहिते. ज्याला येत नाहीत तो दुसऱ्या दिवशी दुपारी परत येतो. जून ते ऑगस्ट, तीन ते पाच या वेळेसाठी आमच्या फळ्यावर जागा सहसा रिकामीच असते. मुलांनो, तिथे नाव लिहा.